लाकडावरचा बॉयलर घेण्याआधी

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळ, माझ्या भाच्यानं एक जुनं शेतघर घेतलं. घरामागं बारा एकरांचं जंगल आहे, मेपल, ओक आणि ॲश या झाडांचं. तिथं ऑक्टोबरात घर तापवायला सुरुवात होते ती एप्रिल सरेपर्यंत चालते. जानेवारीतल्या रात्री पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर जातो. घरातली भट्टी तेलावर चालणारी. पहिल्याच हिवाळ्याचं तेलाचं बिल पाहून नवरा-बायको दोघंही हबकले. आसपासच्या शेतांवर त्यांनी घराबाहेर उभे असलेले, लाकडावर चालणारे बॉयलर पाहिले होते. "मामा, तुमचं आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेलं. यातला कुठला घेऊ ते तुम्हीच सांगा," असं त्यानं मला विचारलं.

त्याला मी जे सांगितलं तेच आज तुमच्यापुढं मांडतो. आपल्यापैकी अनेकांची मुलंबाळं आता तशा थंड मुलखात घरं घेताहेत. शिवाय लाकडाच्या धुराचा प्रश्न आपल्याला परका नाही.

आधी हे यंत्र काय असतं ते सांगतो. घरापासून काही अंतरावर पत्र्याच्या लहान खोलीएवढी एक पेटी उभी असते. तिच्या आत लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलची अग्निपेटी, आणि त्या अग्निपेटीभोवती पाणी. आपला तांब्याचा बंब आठवा: मधल्या नळीत आग, भोवती पाणी. मूळ रचना तीच, फक्त आकार कितीतरी मोठा. साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून पंपानं घरात जातं, तिथं हवेला, फरशीखालच्या नळ्यांना आणि न्हाणीघराच्या पाण्याला उष्णता देतं आणि परत येतं. यातल्या बहुतेक यंत्रांत पाण्यावर दाब नसतो, टाकी वरून हवेला खुली असते. त्यामुळं स्फोटाची भीती जवळजवळ नाही. आग घराबाहेर, सालीचा कचरा बाहेर, राखही बाहेर. 1973 साली तेलाचे भाव भडकल्यावर अमेरिकेतली खेडी पुन्हा लाकडाकडं वळली होती. पुढं 1980 च्या दशकात मिनेसोटासारख्या राज्यांत या यंत्रांचे कारखाने निघाले. सकाळ-संध्याकाळ दोनदा मोठाले ओंडके टाकायचे आणि घर चोवीस तास उबदार ठेवायचं, ही सोय शेतकऱ्याला आवडली यात नवल नाही.

पण या सोयीची किंमत धुरानं चुकवली गेली, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्यांनी चुकवली.

हा धूर का होतो ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण निवडीचं सगळं गमक तिथंच आहे. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू सुटतात. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता या वायूंतच असते, उरलेली कोळशात. हे वायू पुरते जळायला सहाशे अंशांच्या वर तापमान लागतं, भरपूर हवा लागते आणि हवेत मिसळायला थोडा वेळ लागतो. कुठल्याही बॉयलरवाल्याला हे तीन नियम पाठ असतात. जुन्या पद्धतीच्या बाहेरच्या बॉयलरमध्ये हे तिन्ही मोडतात. अग्निपेटीच्या भिंतींमागं ऐंशी अंशांचं पाणी असतं, म्हणून ज्वाला भिंतीला लागली की थंड होते. त्याहून वाईट पुढं घडतं. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की यंत्र हवेची झडप बंद करतं. आत मणभर लाकूड तापलेलं आहे, वायू सुटतच आहेत, पण जळायला हवा नाही. आग तासन् तास धुमसत राहते. तो न जळलेला वायू धुराड्याच्या भिंतींवर काळा चिकट थर होऊन बसतो, आणि उरलेला धूर होऊन बाहेर पडतो. धुराडं अनेकदा माणसाच्या उंचीहून थोडंच जास्त. थंड रात्री खोऱ्यात जड हवा खाली साचते, तेव्हा तो धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीशी येऊन थांबतो.

आपला बंब असा कधी धुमसवत नाहीत. थोडंसं जळण घालतात, हवा मोकळी सोडतात, अर्ध्या तासात ते भडभडून जळतं आणि उष्णता पाण्यात साठून राहते. सुरुवातीचा धूर सोडला तर पुढं फारसा दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडं मी परत येणार आहे.

अमेरिकेत 1988 साली घरातल्या लाकूड जाळणाऱ्या शेगड्यांसाठी धुराची मर्यादा ठरवणारा नियम आला, पण बाहेरचे बॉयलर त्यातून सुटले. व्हरमाँट राज्यानं 1997 साली शेजाऱ्याच्या घरापासून किती अंतर असावं याचा नियम केला. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानं 2005 साली या धुरावर स्वतंत्र अहवालच काढला. ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेनं 2007 मध्ये कारखानदारांसाठी ऐच्छिक योजना आणली, 2015 मध्ये सक्तीची मर्यादा घातली आणि मे 2020 पासून ती निम्म्याहून खाली आणली. इतकी वर्षं लागली, कारण लाकूड नैसर्गिक आहे, मग त्याचा धूर कसा वाईट असेल, अशी अनेकांची समजूत होती. ती समजूत मोडण्यात आपल्याकडच्या चुलींचा मोठा वाटा आहे. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची छोटी यंत्रं लावून चुलीचा धूर मोजला. लाकडाच्या धुराचा शरीरावर काय परिणाम होतो याचा जो मोठा आढावा 2007 साली प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांतही ते होते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोल जातात, मग ते चुलीतून येवोत की हजारो डॉलरच्या बॉयलरमधून. आपल्या आया-आज्यांनी जे डोळे चोळत सोसलं, ते आपण परदेशी जाऊन शेजाऱ्याच्या मुलांना द्यावं हे मला मुळीच मान्य नाही.

म्हणून भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती यंत्राची नाही, लाकडाची. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. ते वीस टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे. ओकचं लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारं खेळेल असं रचून ठेवलं तरी दोन वर्षं घेतं. ॲश लवकर वाळतं. ओल्या लाकडानं काय बिघडतं? लोक म्हणतात, पाणी उकळण्यात उष्णता जाते. हिशेब केला तर त्यात जाते ती सातव्या हिश्श्याच्या आसपास. खरं नुकसान पुढचं आहे: वाफेनं आग थंड पडते आणि वायू न जळताच निघून जातात. साखर कारखान्यात आम्ही जाळतो त्या बगॅसमध्येही, म्हणजे उसाच्या चोथ्यातही, निम्मं पाणी असतं. पण तिथं भट्टी उंच असते, हवा आधी तापवून देतात आणि पहारा चोवीस तास असतो. घराच्या अंगणातल्या पेटीला ते जमत नाही. तेव्हा या वर्षी लाकूड तोड, फोड, रच, ओलावा मोजायचं पंधरावीस डॉलरचं यंत्र घे, बॉयलर नंतर.

दुसरी गोष्ट आकाराची, आणि चूक होते ती बहुधा इथंच. विकणारा मोठं यंत्र सुचवतो, आणि घेणाऱ्यालाही वाटतं, थंडी मोठी आहे तर यंत्र मोठंच हवं. आम्ही फोनवरच हिशेब मांडला. त्यांनी हिवाळ्यात सुमारे तीन हजार लिटर तेल जाळलं. भट्टीची गळती वजा केली तर घराला मिळाली साधारण 25,000 युनिट उष्णता. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचंच. सात महिन्यांवर पसरलं तर सरासरी 5 किलोवॅट. अगदी कडाक्याच्या रात्री बारा ते पंधरा धरा. त्याला दाखवलेलं यंत्र होतं साठ किलोवॅटच्या घरातलं. असं यंत्र हिवाळ्यातला बहुतेक वेळ झडप मिटून धुमसतच बसणार.

त्याच हिशेबातून लाकूडही निघतं. तिकडं लाकूड कॉर्डमध्ये मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड, सुमारे साडेतीन घनमीटर. वाळलेल्या ओकच्या एका कॉर्डमध्ये जवळजवळ 7,000 युनिट उष्णता असते. यंत्रानं तिच्यातली साठ टक्के घराला दिली तर हिवाळ्याला सहा कॉर्ड पुरतात. चाळीसच टक्के दिली तर नऊ लागतात. सहा कॉर्ड म्हणजे दहा टन लाकूड, आणि प्रत्येक ओंडका तोडताना, फोडताना, रचताना, वाहताना आणि आत टाकताना हातातून जातो. दोघंही नोकरी करणारी. हा आकडा ऐकून ती दोघं थोडा वेळ गप्प झाली, आणि ते बरंच झालं.

मग घ्यायचं तर काय घ्यायचं? मी सांगितलं, लाकडातले वायू वेगळ्या कोठडीत जाळणारं यंत्र घे. त्यात वरच्या कोठडीत लाकूड तापतं, पंख्यानं वायू खालच्या झोतात ओढले जातात आणि भट्टीच्या विटांनी मढवलेल्या दुसऱ्या कोठडीत हजार अंशांच्या आसपास जळतात. पाण्याला उष्णता मिळते ती त्यानंतर. आता बंबाकडं परत येतो. या यंत्राला जोडून पाण्याची मोठी, चांगली गुंडाळलेली टाकी ठेवायची. दिवसातून एकदा लाकूड भरायचं, झडप न मिटता पुरतं जाळायचं, उष्णता टाकीत साठवायची आणि घरानं ती हवी तशी घ्यायची. तीन हजार लिटर पाणी ऐंशी अंशांवरून पन्नासवर येताना शंभरेक युनिट देतं. सरासरी दिवशी ते वीस तास पुरतं, कडाक्याच्या रात्री सात-आठ तास. खर्च वाढतो, जागा लागते, आणि घरातले जुने रेडिएटर फार गरम पाणी मागणारे असतील तर टाकीतली निम्मी उष्णता वापरता येत नाही. फरशीखालच्या नळ्यांना मात्र चाळीस अंशांचं पाणी चालतं. एवढं सगळं धरूनही मी याच रचनेच्या बाजूनं आहे.

ईपीएच्या प्रमाणित यंत्रांची यादी सर्वांना पाहता येते. ती पाहावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून अंगणातली वागणूक नीट कळत नाही, असं ईपीएच्याच महानिरीक्षक कार्यालयानं 2023 मध्ये म्हटलं आहे. ज्याच्याकडं ते यंत्र दोन-तीन हिवाळे चाललंय त्याच्या घरी जावं, आणि तेही संध्याकाळी, आग नुकती भरलेली असताना. धुराडं बघावं. पेटवल्यावर काही मिनिटांनी धूर दिसेनासा झाला पाहिजे. स्वस्तात मिळणारं जुनं, प्रमाणपत्र नसलेलं यंत्र घेऊच नये. अनेक ठिकाणी ते बसवायला परवानगीही नसते.

जमिनीखालचा नळ हा लोक पैसे वाचवायचा भाग समजतात. तिथं वाचवू नका. स्वस्त नळाभोवतीच्या वेष्टनात पाणी शिरतं आणि मग बॉयलर हिवाळाभर मातीच तापवतो. बर्फ पडल्यावर अंगणात नळाच्या रेषेवरचाच बर्फ वितळलेला दिसला तर समजावं की दर दिवसाचं काही लाकूड तिथं जातंय. बॉयलरमध्ये परत शिरणारं पाणी साठ अंशांच्या खाली असू नये, नाहीतर आत ओल धरते आणि पत्रा गंजतो. त्यासाठी मिश्रण करणारी झडप बसवतात. पाण्यात गंजरोधक घालून ते वरचेवर तपासावं लागतं. वीज गेली की पंप थांबतो. घरात कोणी नसेल तर थंडीत नळ गोठतात, म्हणून जनरेटरची किंवा बॅटरीची सोय आधीच हवी.

जागेबाबत न्यूयॉर्कचा नियम आहे: नवं यंत्र सीमेपासून शंभर फूट आत आणि धुराडं किमान अठरा फूट उंच. हा किमान आकडा. मी म्हटलं, हिवाळ्यात वारा कुठून येतो ते एक मोसम बघ, आणि खड्डा खणण्याआधी शेजारच्या घरी जाऊन बोल. त्यांच्या घरात कोणाला दमा आहे का ते विचार. असेल तर हा बेत सोड. लाकूड विकत आणायची वेळ आली तर लांबून आणू नये हेही सांगितलं. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या भुंग्यानं ॲशची कोट्यवधी झाडं मारली आहेत आणि तो जळाऊ लाकडातून प्रवास करतो. न्यूयॉर्कमध्ये उष्णता देऊन निर्जंतुक न केलेलं सरपण ऐंशी किलोमीटरांपलीकडं न्यायला मनाई आहे.

सगळं ऐकून भाचेसुनेनं विचारलं, "मामा, आधी घराच्या फटी बुजवल्या तर?" हे तिनं विचारलं याचा मला फार आनंद झाला. जुन्या शेतघरातली उष्णता माळ्यातून आणि तळघराच्या कडांतून भसाभस जाते. दाराला पंखा लावून घरातला दाब कमी करतात आणि हवा कुठून शिरते ते शोधून काढतात; ती तपासणी त्यांनी ठरवली आहे. माळ्यावर जाड थर घातला की उष्णतेची गरज बरीच उतरेल. मग कदाचित बाहेरचा बॉयलर लागणारही नाही, बैठकीच्या खोलीत एक चांगली प्रमाणित शेगडी आणि न्हाणीघरासाठी विजेचा हीटर एवढ्यावर भागेल. वाऱ्यानं पाडलेली ॲशची झाडं तेवढी त्यांनी फोडून रचायला घेतली आहेत. पुढच्या हिवाळ्यात तेल किती लागतं ते पाहून आम्ही हिशेब पुन्हा मांडणार आहोत.