कुरणात भरलेली शाळा
१९५७ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथली वारली मुलं शाळेत येणार कशी? गुरं कोण राखणार? मग शिक्षकच गुरांमागे रानात गेले. हीच ती कुरणशाळा. साहित्य विकत आणायची गरजच नव्हती. बिया, खडे, पानं भोवती पडलेलीच. दहा चिंचोक्यांचा ढीग केला की दशक हाताला लागतं, तेही एक डोळा गुरांवर ठेवून! झाडांची नावं मात्र मुलांनीच बाईंना शिकवली असणार.

असंच काही घरीही करून बघा. एकाच झाडाची पानं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायला मुलांना सांगा, शिरा बोटानं चाचपू द्या. महागडी खेळणी तोवर कपाटात राहू द्यात.