थांबलेला काटा आणि चालते शरीर
(सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय काहीसा अपरिचित वाटेल. स्थूलता कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाने दिवसाला किती खावे आणि वजन हळूहळू उतरत असेल तर त्याने काय समजावे, या दोन प्रश्नांचा मी विचार करणार आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा विषय मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचा मानला जात असे. आज सातारकर यासाठी पुण्याला जातो, सांगलीकर मिरज-कोल्हापूरची वाट धरतो आणि शस्त्रक्रिया करून चौथ्या-पाचव्या दिवशी आपल्या गावी परततो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ती शस्त्रक्रियागृहात होत नाही, ती आपल्या स्वयंपाकघरात होते. म्हणून हा विषय केवळ वैद्यांचा उरत नाही, तो कुटुंबाचा होतो.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थूल माणूस म्हणजे खादाड आणि आळशी, असा निवाडा आपला समाज फार चटकन देतो. वस्तुतः चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलतेची कारणे सांगताना अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या जोडीला बीजस्वभावही सांगितला आहे. बीजस्वभाव म्हणजे आजच्या भाषेत आनुवंशिकता. आधुनिक वैद्यकही स्थूलतेला आता दीर्घकालीन व्याधीच मानते. व्याधीग्रस्ताला उपचार द्यायचे असतात. टोमणे मारून व्याधी बरी होत नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात. सध्या दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून त्याची केळ्याच्या आकाराची नळी केली जाते. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. १९६६ साली अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी या दुसऱ्या मार्गाचा आरंभ केला. दोन्हींमुळे पोट लवकर भरते, भूक चाळवणारी संप्रेरके बदलतात आणि मधुमेहावर अनेकदा वजन उतरण्याआधीच अनुकूल परिणाम दिसतो. पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण द्रव आहारावर असतो आणि त्याच्या पोटात दिवसाला जेमतेम चारशे ते सहाशे उष्मांक जातात. काही महिन्यांनी हा आकडा साधारणपणे आठशे ते हजारावर येतो आणि वर्षभराने हजार-बाराशे किंवा त्याहून थोडा वर स्थिरावतो. उंची, वय, श्रम आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांनुसार तो बदलतो. म्हणून शेजारणीचा आकडा आपल्याला लावू नये.

एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू या. सांगलीतील पन्नाशीच्या एक शिक्षिका आहेत. उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०८ किलो. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत २४ किलो वजन उतरले. सातव्या महिन्यात मात्र तीन आठवडे काटा ८४ वरच थांबला. बाई हिशेब मांडतात : मी ९०० उष्मांक खाते, शरीर १८०० खर्च करते, म्हणजे रोजची तूट ९०० ची. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. तेव्हा महिन्याला साडेतीन किलो उतरायला हवेत. उतरत नाहीत, अर्थात दोष माझाच! आणि मग त्या ९०० चे ६०० करतात. बंधू-भगिनींनो, धोका नेमका येथे आहे.

हा हिशेब कोठे चुकतो? तीन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक खर्चाच्या बाजूला आहे. १०८ किलोचे शरीर वागवायला जे इंधन लागत होते, ते ८४ किलोच्या शरीराला लागत नाही. शिवाय अन्न कमी मिळू लागले की शरीर आपला खर्च आणखी आवरते. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन नक्षत्रे कोरडी गेली की तिथली गृहिणी कणगीतल्या धान्याचे माप आपोआप लहान करते. शरीरही हेच करते. त्यामुळे सूत्राने १८०० येणारा खर्च प्रत्यक्षात साडेसोळाशेच्या आसपास असू शकतो.

दुसरी चूक जमेच्या बाजूला आहे. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खाणे कमी करूनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या दहा जणांचा आहार शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ही माणसे लबाड नव्हती. फोडणीचे तेल, चहातली साखर, येता-जाता तोंडात टाकलेले भडंग हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. शंभर ग्रॅम कंदी पेढ्यांत सुमारे चारशे उष्मांक असतात. गोड आणि पातळ पदार्थ लहान केलेल्या जठरातूनही सहज सरकतात; भाकरीचा तुकडा अडतो, उसाचा रस अडत नाही. तेव्हा बाईंचे ९०० प्रत्यक्षात बाराशेही असू शकतात. म्हणजे खरी तूट ४५० ची आणि अपेक्षित घट महिन्याला पावणेदोन किलोची.

तिसरी चूक काट्यावरच्या विश्वासाची आहे. तीन आठवड्यांत ४५० च्या तुटीने सव्वा किलो चरबी खरोखरच गेलेली असते. पण शरीरात लिटर-सव्वा लिटर पाणी अधिक साठले तर काटा जागचा हलत नाही. मीठ, मासिक पाळी, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांपैकी कशानेही पाणी साठते. चरबी जाते आणि आकडा राहतो. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुढेही अधूनमधून असे थांबे येतात. ते प्रवासाचाच भाग आहेत.

आकड्याच्या आंधळ्या भक्तीचा एक जुना धडा आपल्या भूमीने घेतलेला आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सातारा जिल्हाही होरपळला. सरकारी खर्च वाचवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार १८७७ मध्ये दुष्काळी कामावरील पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे देण्याचे ठरले. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यात सुमारे पंधराशे-सोळाशे उष्मांक भरतात. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हा शिधा श्रमाला अपुरा असल्याचे बजावले. आपल्याकडे मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने जवळजवळ तेवढ्याच, सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवले. त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला, स्नायू झिजले आणि मन खिन्न झाले. स्थूल रुग्णाजवळ चरबीचा साठा असतो, दुष्काळग्रस्ताजवळ तो नसतो, हा भेद मी विसरत नाही. तथापि अन्न तोडले की शरीर केवळ चरबीच देत नाही, स्नायूही देते, हे सत्य दोघांनाही लागू आहे.

आणि स्नायू ही आपली मुळातच तोकडी संपत्ती आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! सारख्या वजनात आपल्याकडे चरबी अधिक आणि स्नायू कमी. अशा शरीराने उपासमार करून आणखी स्नायू गमावले, तर वजन उतरेल. पण जिना चढताना गुडघे थरथरतील आणि गेलेले वजन परत येण्याची वाट मोकळी होईल.

म्हणून ‘किती उष्मांक?’ याआधी ‘किती प्रथिने?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपली साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी दोनशे उष्मांक आणि सहा ग्रॅम प्रथिने देते. नुसत्या भाकरीवर साठ गाठायचे तर दहा भाकरी लागतील. रुग्णालयातून मिळणारा तक्ता अनेकदा इंग्रजीत असतो आणि त्यातले पदार्थ आपल्या बाजारात दिसतही नाहीत. तो आपल्या चुलीच्या भाषेत आणणे अवघड नाही. दोन अंडी, दोन पेले दूध किंवा तेवढ्याचे दही, पन्नास ग्रॅम पनीर, वाटीभर मटकीची उसळ, तीस ग्रॅम सोयाबीनचा एखादा पदार्थ आणि वाटीभर घट्ट वरण एवढ्यात प्रथिने साठीच्या जवळ पोचतात आणि उष्मांक नऊशेच्या आसपास राहतात. शाकाहारी माणसाने अंड्यांऐवजी पनीर वाढवावे. कृष्णाकाठी सोयाबीन उदंड पिकते. ते सगळे बाजारात न धाडता थोडे घरी शिजावे. हे सर्व पाच-सहा वेळांत विभागून, सावकाश चावून खावे आणि पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळात प्यावे.

याच्या जोडीला ब१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या वैद्यांच्या सांगण्यानुसार आयुष्यभर घ्याव्या लागतात. वजन उतरले, आता गोळ्या कशाला, हा विचार घातक आहे. वारंवार उलट्या, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नये. ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते. उपवासाबद्दलही स्पष्ट बोलतो. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि लहान जठर राहिलेली भर एका जेवणात काढू शकत नाही. नवरात्राचे नऊ दिवस धरण्यापूर्वी वैद्यांना विचारावे. आजाऱ्याला आपल्या परंपरेने नेहमीच सूट दिलेली आहे.

या आकड्यांच्या मोहाचा कळस मुंबईने २०१७ साली पाहिला. इजिप्तची इमान अहमद उपचारांसाठी सैफी रुग्णालयात आली, तेव्हा तिचे वजन सुमारे पाचशे किलो सांगितले गेले. मार्चमध्ये डॉ. मुफ्फझल लकडावाला यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर आज किती किलो उतरले, याच्या बातम्या देशभर झळकल्या आणि पुढे रुग्णालयाचे आकडे व बहिणीचे आक्षेप यांचा जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबू धाबीला नेण्यात आले आणि २५ सप्टेंबरला ती निवर्तली. कोणाचे बरोबर होते, हा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. एका जर्जर जिवाची प्रकृती साऱ्या देशाने काट्यावरच्या एका आकड्यात पाहिली, एवढे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग प्रगती मोजायची कशाने? कमरेच्या मापाने, मधुमेहाच्या चाचणीने, रक्तदाबाच्या उतरलेल्या गोळ्यांनी, न थांबता चढलेल्या पायऱ्यांनी. वजन आठवड्यातून एकदाच करावे आणि महिन्याची सरासरी पाहावी. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक उतरले, नंतर थोडे वाढले आणि वीस वर्षांनी मूळ वजनाच्या सरासरी १८ टक्के घट टिकून होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया न केलेल्या तुलनेच्या गटापेक्षा त्यांच्यातील मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी होता. १०८ किलोच्या आपल्या शिक्षिकेला हे लावून पाहा. अठरा टक्के म्हणजे एकोणीस किलो. त्या आजच चोवीसवर आहेत! त्या अपयशी कशा?

२०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने भारतातही मिळू लागली आहेत. तीही भूक मंदावतात आणि तेथेही स्नायू जपण्याचा प्रश्न हाच आहे. साधने बदलतील, शरीराचा धर्म बदलणार नाही.

शेवटी दोन शब्द नातलगांसाठी. आपल्या भागात आग्रहाशिवाय पंगत उठत नाही. तो आग्रह प्रेमाचा असतो, हे मान्य. पण शस्त्रक्रिया झालेल्या वहिनींच्या ताटात बळेच वाढलेली जिलबी त्यांना घाम, धडधड आणि घेरी देऊ शकते. तितकाच वाईट दुसरा आग्रह आहे : दर भेटीला ‘किती उतरलं?’ असे विचारण्याचा. या प्रश्नानेच कित्येक जण ताटातला उरलासुरला घासही बाजूला सारतात. त्याऐवजी ‘आज वरण-उसळ झाली का? गोळ्या घेतल्या का? संध्याकाळी फिरायला येतेस का?’ असे विचारावे आणि विचारून थांबू नये, चपला घालून सोबत निघावे. शल्यचिकित्सकाचे काम दोन तासांत संपते. कुटुंबाचे काम वर्षानुवर्षे चालायचे असते. ते आपण प्रेमाने आणि समजून-उमजून करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.