चार्जरची वाट पाहतांना



वाट पाहणें हा विषय आम्हां मराठवाड्यांतील लोकांना कोणीं शिकवावयास नको. पावसाची वाट, आगगाडीची वाट, नळाच्या पाण्याची वाट, असे त्याचे अनेक धडे आम्हीं गिरविलेले आहेत. आतां त्यांत एका नव्या धड्याची भर पडली आहे. विजेवर चालणारी मोटार घेतलेला मनुष्य चार्जरची वाट पाहत उभा असतो. या नव्या प्रतीक्षेविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें. आणि तसें बोलण्यास मला एक घरगुती कारणहि आहे.

माझी मुलगी लातूरला असते. घर जुन्या वस्तींत, गल्ली अरुंद. दारांत गाडी उभी करण्यास जागा नाहीं. म्हणून आमचे जावई शहरांतील एका बहुमजली वाहनतळांत मासिक भाडें देऊन गाडी ठेवतात. त्यांनीं जुनी पेट्रोलची गाडी विकून विजेची घेतली, ती बव्हंशीं त्या वाहनतळावरील एका पाटीच्या भरंवशावर. येथें लवकरच जलद चार्जर सुरू होत आहेत, असें त्या पाटीवर लिहिलेलें होतें. थोड्याच दिवसांत चार यंत्रें आलींहि. तीं भिंतीशीं उभीं करण्यांत आलीं व त्यांवर निळें प्लास्टिक गुंडाळण्यांत आलें. गणपति गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. प्लास्टिकवर धूळ सांचली. चौकशी करावी तर उत्तर ठरलेलें : “या महिन्यांत होईल.”

तेथें गाडी ठेवणाऱ्या पांचसहा मंडळींनीं मध्यंतरीं एक साधी विनंती केली होती. जलद यंत्रें सुरू होतील तेव्हां होवोत. तूर्त भिंतीवर पंधरा अँपिअरचीं दोनचार साधीं सॉकेटें व एक मीटर बसवून द्यावा, खर्च आम्ही सोसूं. त्यावर व्यवस्थापक हंसून म्हणाले, “मोठीं यंत्रें दारांत उभीं असतां हा फुटकळ खटाटोप कशाला?” मंडळी परत आली.

पुढें माघ महिन्यांतील एका रात्रीं अकराच्या सुमारास मीं नांदेडहून मुलीला फोन केला. माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असूं, ते रुग्णालयांत होते व त्यांची प्रकृति एकाएकीं बिघडली होती. मुलगी लहानपणीं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिला ताबडतोब निघावयाचें होतें. पण गाडींत वीज पांचव्या हिश्श्याहूनहि कमी होती. लातूर ते नांदेड अंतर सुमारें 140 किलोमीटर. गांवाबाहेर एका हॉटेलच्या आवारांत चार्जर होता, तेथें दोघें गेलीं. पुढें दोन गाड्या होत्या. पहिल्या गाडीचा मालक म्हणाला, दहा मिनिटांत होईल. दहाचीं चाळीस झालीं. मग दुसरी गाडी लागली. मध्येंच यंत्र बंद पडलें. तें “आतां सुरू होईल” असें तेथील पोऱ्यानें सांगितलें. यांची गाडी जोडली गेली तेव्हां दीड वाजून गेला होता. तीं दोघें नांदेडला पोहोंचलीं पहांटे पांच वाजतां. तात्या चारच्या सुमारास गेले होते.

मृत्यूचा दोष मी कोणाच्या माथीं मारीत नाहीं. तात्यांची पंचाहत्तरी उलटलेली होती आणि डॉक्टरांनीं आम्हांला आशा लाविलेली नव्हती. परंतु तेराव्यानंतर मुलगी मला म्हणाली, “नाना, तिथं कुणी स्पष्ट सांगितलं असतं की तीन तास लागतील, तर आम्ही सरळ भाड्याची जीप केली असती. पण दर वेळी वाटलं, आता होईलच दहा मिनिटांत.”

हें वाक्य माझ्या मनांतून जात नाहीं. तीन तास थांबावें लागलें, याचें दुःख निराळें. थांबावयाचें किती, हें ठाऊक नसल्यामुळें दुसरा मार्ग धरतां आला नाहीं, याचें दुःख निराळें. मुदतीची वाट माणसाचा केवळ वेळ घेते; बेमुदत वाट त्याची निवड करण्याची शक्तीच काढून घेते.

मग मीं, जन्माची मास्तरकी अंगीं मुरलेली असल्यामुळें, या विलंबाचें कारण शोधूं लागलों. माझा एक जुना विद्यार्थी विजेच्या कामांत आहे. त्यानें मला जो हिशेब सांगितला तो आपणांसहि सांगतों. मध्यम मोटारीच्या बॅटरींत सुमारें तीस युनिट वीज मावते, व एका युनिटांत गाडी सुमारें सात किलोमीटर धांवते. म्हणजे लातूरहून नांदेडला येण्यास वीस युनिटें लागतात. पंधरा अँपिअरचें साधें सॉकेट तासाला तीन युनिटें देतें. तेव्हां वीस युनिटांस सात तास पाहिजेत. साठ किलोवॅटचें जलद यंत्र तेंच काम, गाडीची बॅटरी तेवढा ओघ घेईल तर, अर्ध्या तासांत करतें.

पण ही जलद गति कोठून येते? एखादें घर एका वेळीं दोन किलोवॅट वीज वापरतें असें धरलें, तर साठ किलोवॅटचीं चार यंत्रें म्हणजे एकशेंवीस घरांचा भार झाला. तेवढा भार जुन्या वस्तीच्या तारेला पेलत नाहीं. त्यासाठीं निराळा ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपण डी. पी. म्हणतों, तो उभारावा लागतो. जाड केबल जमिनींतून आणावी लागते. रस्ता खणण्याची परवानगी, भाराची मंजुरी, इमारतींतील आगीच्या बंदोबस्ताची तपासणी, हीं सारीं कामें एकामागून एक करावीं लागतात. यंत्र ट्रकमधून एका दिवसांत येतें. तार येण्यास महिने लागतात. नळ बसविला म्हणजे पाणी आलें असें नव्हे, हें लातूरकरांना मीं सांगावयास पाहिजे असें नाहीं.

ही गोष्ट नवीनहि नाहीं. विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीची धाकटी बहीण आहे अशी आपली समजूत असते. पण ताशीं शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली ती विजेच्याच गाडीनें, 1899 सालीं पॅरिसजवळ. पुढें ती मागें पडली. 1912 सालीं पेट्रोलच्या गाडीला बटणावर सुरू होणारें यंत्र मिळालें, हें एक कारण. आणि शहराची वेस ओलांडली कीं वीज मिळत नसे, हें दुसरें. गाडी तयार होती. तार तयार नव्हती. सव्वाशें वर्षांनीं आपण पुन्हां त्याच वेशीपाशीं येऊन उभे आहों.

सरकारला याची जाणीव नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं. नव्या इमारतींतील वाहनतळाच्या पांचव्या हिश्श्याला गाड्या भरण्याची सोय असावी, असा नमुना-नियम केंद्र सरकारनें 2019 सालीं केला. राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरांस एक चार्जिंगचें ठिकाण असावें, असें महाराष्ट्र राज्याच्या 2025 च्या धोरणांत आहे. त्या मापानें चाकूर, अहमदपूर, लोहा या आमच्या रस्त्यावर पांचसहा ठिकाणें व्हावयास हवींत. धोरण चांगलें आहे. पण कागदावरील ठिकाण आणि चालू ठिकाण यांच्यामध्यें जो काळ जातो, त्या काळांत माणसांनीं काय करावें, हा माझा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर मला लातूरच्याच अनुभवांत सांपडतें. 2016 सालच्या दुष्काळांत तेथें पाण्यासाठीं इतकी झुंबड उडूं लागली कीं मार्च महिन्यांत पाण्याच्या टाक्यांपाशीं जमावबंदी करावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. माझी मुलगी तेव्हां तेथेंच होती. ती सांगते कीं, ज्या गल्लींत टँकरचा वार ठरलेला असे, तेथें पाणी थोडें असूनहि भांडण कमी. आणि जेथें टँकर केव्हां येईल याचा नेम नसे, तेथें बायामाणसें रात्र रात्र घागरी मांडून बसत. पाणी दोन्हीकडे सारखेंच अपुरें होतें. अंतर होतें तें एका वाराचें.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्यानें ‘लवकरच’ अशी पाटी लाविली त्यानें तिच्याखालीं तारीख लिहावी. तारीख टळली तर कारण लिहून नवी तारीख द्यावी. ट्रान्सफॉर्मर यावयाचा आहे, असें स्पष्ट सांगितलें तर लोक समजून घेतात. दुसरी सूचना गाडीवाल्यांना. बॅटरी शेंकडा ऐंशी भरली कीं पुढचा भरणा मंद होतो. अरुंद गळ्याच्या घागरींत शेवटचें पाणी जपून ओतावें लागतें, तसेंच तें आहे. मागें कोणी उभा असेल तर ऐंशीवर गाडी काढावी, आणि किती वेळ लागेल तें खरें सांगावें. ‘दहा मिनिटें’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकिला आहे. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. मोठी सोय येईपर्यंत लहान सोय नाकारूं नये. शहरांतील गाडी दिवसाचे वीस-बावीस तास नुसती उभी असते. तिला रोजची धांव पुरविण्यास साधें सॉकेट व एक रात्र पुरे आहे. जलद यंत्र हवें तें लांबच्या प्रवासाला व अडल्या वेळेला. त्या भिंतीवर चार साधीं सॉकेटें असतीं, तर त्या रात्रीं माझ्या मुलीची गाडी भरलेली असती.

गेल्या महिन्यांत त्या वाहनतळांत अखेर दोन सॉकेटें बसलीं. सहा गाड्यांनीं आपसांत वार वाटून घेतले आहेत. आमच्या जावयांकडे सोमवार व गुरुवार आहे. जलद यंत्रांवरील निळें प्लास्टिक अजून तसेंच आहे, आणि त्यांची वाट आम्ही अजून पाहतच आहों. पण परवां माझ्या पत्नीला थोडा ताप आला म्हणून मीं मुलीला कळविलें, तर ती तीन तासांत दारांत येऊन उभी राहिली. तो शुक्रवार होता.