पुण्यात फुटबॉल क्लब का टिकत नाही?



व्याख्यानमालेत फुटबॉल हा विषय ठेवला, याबद्दल संयोजकांच्या धाडसाला दाद दिली पाहिजे. क्रिकेटवर बोलायला पुण्यात वक्ता बोलवावा लागत नाही, कट्ट्यावरचा कुणीही चालतो. फुटबॉलचं नाव काढलं की मात्र आपण थेट मँचेस्टरला पोचतो. आपल्याच गावात एका दशकात राष्ट्रीय लीग खेळणारे चार क्लब येऊन गेले असं सांगितलं, तर समोरचा विचारतो, "कधी?"

तर कधी ते ऐका. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी सुरू केला. दोन वर्षांत तो दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पहिल्या श्रेणीत, आला आणि २००९-१० च्या पहिल्याच मोसमात तिसरा राहिला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. २०१२-१३ मध्ये हा संघ उपविजेता ठरला, वर होता फक्त चर्चिल ब्रदर्स. पुढे पुणे एफसी एएफसी चषकातही खेळला. अकादमी तर देशात नावाजलेली होती. कोल्हापूरचा निखिल कदम आणि केरळचा आशिक कुरुनियन याच अकादमीतून वर आले. संघ नीट चालवला होता, पगार बुडवल्याच्या कहाण्या नव्हत्या. माझ्या मते आपल्या शहरात झालेला हा सर्वांत शहाणा क्रीडाप्रयोग. २०१५ मध्ये समूहानं अंग काढून घेतलं आणि वरिष्ठ संघ आटोपला.

त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आला. लीगमध्ये थेट प्रवेश मिळालेला संघ. २०१४-१५ चा एकच मोसम खेळला, अकरा संघांत अकरावा आला आणि बंद झाला. एवढ्यावर सोडून दिलं असतं, पण या अकराव्या क्रमांकाची किंमत दुसऱ्यानं मोजली. थेट प्रवेशवाल्यांना पदावनतीपासून संरक्षण होतं. म्हणून खाली गेला दहावा आलेला संघ, आणि तो होता गोव्याचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. डेम्पो खाली गेला आणि ज्याच्यासाठी गेला तो दुकान बंद करून मोकळा झाला.

पुढच्याच वर्षी तेच घडलं. शिवाजीयन्स हा १९८७ पासूनचा पुण्याचा जुना क्लब. डीएसके समूहानं त्याला हाताशी धरलं, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी काढली आणि २०१५-१६ मध्ये डीएसके शिवाजीयन्स थेट आय-लीगमध्ये उतरला. नऊ संघांत नववा आला. संरक्षण असल्यामुळे तो राहिला आणि आठवा आलेला मिझोरामचा ऐझॉल एफसी खाली गेला. मग गोव्याचे काही क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा मोकळी झाली, ऐझॉलला परत घेतलं गेलं. आणि २०१६-१७ मध्ये खालिद जमील यांच्या हाताखाली त्याच ऐझॉलनं लीग जिंकली! त्याच मोसमानंतर शिवाजीयन्स आय-लीगमधून गेला. समूह आर्थिक अडचणीत सापडला होता.

उरला एफसी पुणे सिटी. इंडियन सुपर लीगचा, म्हणजे झगमगाटाचा. डेव्हिड त्रेझेगे, एड्रियन मुटू अशी युरोपातली मंडळी बालेवाडीत येऊन खेळली, मालकांत हृतिक रोशन होता. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीही गाठली. २०१९ मध्ये तोही बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. रशियात तोस्नो नावाच्या छोट्या गावाचा क्लब २०१३ मध्ये उभा राहिला. मे २०१८ मध्ये त्यानं रशियन चषक जिंकला. अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी कुर्स्कचा आवानगार्द, तो खालच्या श्रेणीतला. त्याच मोसमात तोस्नो लीगमधून खाली घसरला आणि जूनमध्ये क्लबच विसर्जित झाला. चषक जिंकल्याला जेमतेम महिना झाला होता. पैसे आटले, आणि चषकाच्या जोरावर कुणी क्लब चालवू देत नाही.

मैदानाचाही दोष सांगतो. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. पलीकडच्या कोपऱ्यातून कॉर्नर घेतला की चेंडू कुणाच्या डोक्याला लागला ते कळत नाही, जाळं हललं की गोल समजायचा. पेठेतून तिथं जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. पण मैदान लांब म्हणून क्लब मेले, हे मला पटत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की गल्ल्या ओस पडतात. तिथं क्लब म्हणजे तालीम, आणि तालमीला पेठ असते. प्रायोजक बदलतो, पेठ बदलत नाही.

आणि हे आपल्याला शिकवायला कोल्हापूर कशाला हवं? वर्गणीवर शंभर वर्षं गणेश मंडळ कसं चालवावं, हे ज्या गावानं देशाला दाखवलं, त्या गावाच्या एकाही क्लबाला राष्ट्रीय लीगमध्ये बारा वर्षं काढता आली नाहीत. कारण या चार क्लबांपैकी एकाचीही वर्गणी आपल्याकडे कुणी मागितली नाही, आणि आपणही द्यायला गेलो नाही. पुणे एफसी बंद झाल्याचं वाचलं तेव्हा आपण हळहळलो आणि पान उलटलं. मालकांना दोष देण्याआधी एवढं कबूल करावं लागेल.

जिल्हा संघटनेची लीग मात्र चालू आहे. डेक्कन इलेव्हन, खडकी ब्लूज अशी नावं तिथं दिसतात. टीव्ही नाही, नट नाहीत. लाल मातीत मुलं घसरतात, गुडघे सोलवटतात, आणि रेषेबाहेर कुणाचे तरी वडील पंचांवर ओरडत असतात. एका रविवारी तिकडे जा. सामना संपला की क्लबच्या सचिवाला गाठा आणि मोसमाचे चेंडू, जर्सी आणि प्रवास यांना किती खर्च येतो ते विचारा. आकडा ऐकून घाबरू नका, आणि तो एकट्यानं भरूही नका. सोसायटीत वर्गणी काढा.