'बोनाफाईड' हा दाखला नाही
(वनहक्क दाव्यांच्या बैठकीतलं बोलणं)

जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या आपल्या गावांत 'बोनाफाईड' हा शब्द शाळेच्या दाखल्यामुळे माहीत झाला. म्हणून दावा भरताना आपण विचारतो, हा कागद कुठं मिळतो? आम्हीही आधी तेच समजत होतो. असा कागद लागत नाही. शब्द लॅटिन आहे, अर्थ 'खऱ्या मनानं'. 2006 च्या वनहक्क कायद्यात तो उपजीविकेच्या गरजेला जोडून आला आहे. म्हणजे पोटाची खरीखुरी गरज.

तेव्हा 'आम्ही बोनाफाईड आहोत' एवढंच लिहून थांबू नका. जमीन किती कसतो, काय पेरतो, घरात खाणारी तोंडं किती, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कोण कसत होतं, हे लिहा. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून जोडा. तोही पुरावा आहे.

कुणी म्हणेल, ज्वारी विकता, मग गरज कसली? 2012 च्या सुधारित नियमांत उरलेला माल विकणं त्या गरजेतच धरलं आहे. म्हणून विक्री लपवू नका. लपवली तर खरा दावा खोटा दिसतो.

लिहिलेलं ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या, मगच अंगठा द्या.