शिक्षा कशासाठी? सुधारणा कोणाची?

(खामगाव येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कुठे बाईवर अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो, तहसीलवर निवेदन देतो. त्या निवेदनात एक मागणी ठरलेली असते, ‘आरोपीला फाशी द्या’. आणि आपल्याच सल्ला केंद्रात आपण मारहाण करणाऱ्या नवऱ्याला बोलावून घेतो, समोर बसवतो, बोलतो, कारण माणूस बदलू शकतो असे आपण धरून चालतो. या दोन्ही गोष्टी आपणच करतो. मग शिक्षेबद्दल आपली भूमिका नेमकी काय, यावर आज बोलायचे आहे.

सुरुवात आपल्या विदर्भापासूनच करू. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने ओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो न्याय! 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

त्या बदलात शिक्षेची वर्षे वाढली, हे आपल्याला आठवते. पण खरी कमाई वेगळी होती. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे कोर्टात सांगितले, तर कोर्टाने ते खरे धरून चालायचे, ही तरतूद तेव्हा आली. मथुरा हरली ती शिक्षा कमी होती म्हणून नव्हे. तिच्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही, म्हणून ती हरली. फाशीची तरतूद असती तरी ते दोघे सुटलेच असते.

म्हणूनच 2013 मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. अनेक स्त्री-संघटनांनीही समितीपुढे हेच मांडले होते. सरकारने मात्र काही गुन्ह्यांसाठी फाशी आणलीच. आपल्या अनुभवाला ताडून पाहा. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो. काका, शेजारी, शेतमालक. पुढे फाशी आहे म्हटले की घरचेच पोरीला म्हणतात, ‘जाऊ दे, त्याचा जीव जाईल.’ तक्रारच होत नाही. आणि पुरावा नष्ट करायला तिचाच जीव घेतला जाईल, ही भीती वेगळीच.

मग दुसरी बाजू, सुधारणेची. त्यातही महाराष्ट्राचा इतिहास मोठा आहे. 1939 मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. शिक्षा झालेला माणूस बायकोमुलांसह राहतो, शेती करतो. त्यावरूनच 1957 मध्ये शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला, त्याची कथा गदिमांची. विश्वास टाकला तर माणूस सुधारतो, हे तिथे दिसले. पण एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. कैद्याच्या मागे त्याची बायको वसाहतीत राहायला गेली. बाईला शिक्षा झाली तर तिच्या मागे कोण जाते? नवरा भेटीला तरी येतो का? सुटून आल्यावर तिला घराचे दार उघडते का?

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांतल्या शंभरातल्या पंचाहत्तरांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. ती कच्ची कैदी होती. बाया 23,772, म्हणजे शंभरात चार. त्यांतल्या दीड हजारांवर बायांची लेकरे त्यांच्याबरोबर आत होती. ज्या सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकते, ती लेकराची बोलायला-चालायला शिकण्याची वर्षे. खटला उभा राहायच्या आधीच ही शिक्षा भोगून होते. 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये मारहाणीनंतर मरण पावली आणि तुरुंगाच्याच कर्मचाऱ्यांना अटक झाली. अशा जागी कोण सुधारणार?

आणि आपल्या भागातले पारध्यांचे बेडे आठवा. 1871 च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो रद्द झाला, त्या विमुक्त झाल्या. तरी चोरी झाली की पोलीस आधी बेड्यावर जातात. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत तर जातीवरून कामे वाटली जात आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानले जाई. हे घटनाविरोधी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगितले. ‘कडक शिक्षा’ असे आपण ओरडतो, तेव्हा ती आधी कोणाच्या पाठीवर पडते, हे विसरून चालणार नाही.

तर मग सुधारणेच्या बाजूने उभे राहायचे का? राहायचे, पण डोळे उघडे ठेवून. बिल्किस बानो प्रकरण घ्या. 2008 मध्ये मुंबईच्या कोर्टाने अकरा जणांना जन्मठेप दिली. 15 ऑगस्ट 2022 रोजी गुजरात सरकारने त्यांना माफी देऊन सोडले. बाहेर त्यांचे हार घालून स्वागत झाले. बिल्किसला कोणी विचारलेसुद्धा नाही. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे, असे सांगितले. शिक्षेत सूट मिळणे वाईट नाही. गरीब कैद्यांसाठी आपणही ती मागू. पण जिथे पश्चात्तापाचा मागमूस नाही आणि पीडितेच्या सुरक्षिततेचा विचार नाही, तिथे सुधारणा हा शब्द नुसती सोय होतो.

म्हणून माझे म्हणणे असे. शिक्षा हवी, ती निश्चित हवी, लवकर हवी, आणि गरीब-श्रीमंत, जात-धर्म न पाहता हवी. ती सूड म्हणून नको. आणि सुधारणेला तीन अटी हव्यात. गुन्हा करणाऱ्याने केलेले कबूल करावे. सोडताना पीडितेचे म्हणणे ऐकावे, तिची सुरक्षितता पाहावी. आणि सर्वांत आधी पुनर्वसन तिचे व्हावे. तिचे शिक्षण सुटते, मजुरी सुटते, गाव सुटते. गुन्हेगाराच्या पुनर्वसनावर बोलणाऱ्याने आधी याचा हिशेब द्यावा.

या तिसऱ्या अटीसाठी महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. पण अर्ज कोण भरणार, पाठपुरावा कोण करणार? ते आपले काम. मोर्चा संपला की आपण घरी जातो, खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. साक्षीच्या दिवशी तिच्याबरोबर कोर्टात जाऊन बसायला दोघीजणी पाहिजेत.

दुसरे काम तुरुंगातल्या बायांचे. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात, पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर कच्च्या कैद्याला सोडायचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही नाही. आपल्या तालुक्यातल्या किती बाया बुलढाणा, अकोला, अमरावतीला आत आहेत, याची यादी आपल्याकडे आहे का? नसेल तर या तिमाहीत ती करू या.

पुढचे निवेदन लिहायला बसाल, तेव्हा ‘फाशी द्या’ ही ओळ लिहिण्याआधी एकमेकींशी बोला. त्या जागी लिहा: तपास वेळेत पूर्ण करा, साक्षीदारांना संरक्षण द्या, मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घ्या. या मागण्यांना टाळ्या कमी पडतील. पण त्या मान्य झाल्या तर त्या मुलीचे जगणे बदलेल. यावर तुमचे मत वेगळे असेल तर जरूर मांडा, आपण वाद घालू.