सुट्टीत सापडलेले जिवाणू



मंचावरच्यांपेक्षा समोर बसलेल्यांत रोज प्लेटा वाचणारे डोळे जास्त आहेत, म्हणून तुमच्याशीच बोलतो.

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं आणि पाठोपाठ न्यूमोनियाची साथ उसळली. २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. अटलांटाच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्रात जोसेफ मॅकडेड यांनी मृतांच्या फुफ्फुसांचा अंश गिनीपिगांना टोचला. स्लाइडवर एखाददुसरा दंडाकृती जिवाणू दिसला. बाहेरून आला असेल म्हणून त्यांनी तो सोडून दिला, आपण सोडतो तसाच. कोंबडीच्या अंड्यांतही काही वाढेना, कारण उपरे जंतू मरावेत म्हणून अँटिबायोटिक घातलं होतं आणि त्यानं नेमका हवा तोच मारला. डिसेंबरअखेर, नाताळच्या सुट्ट्यांत, मॅकडेड यांनी जुन्या स्लाइड पुन्हा काढल्या. या वेळी पुंजका दिसला. मग अँटिबायोटिकविना अंडी टोचली, आणि १९७७ च्या जानेवारीत तो जिवाणू, म्हणजे लीजनेला, जाहीर झाला.

आता ऑस्ट्रेलियातल्या पर्थची गोष्ट. जठराच्या तुकड्यांच्या प्लेटा दोन दिवसांत काही उगवलं नाही की फेकल्या जात. १९८२ च्या ईस्टरला जोडून सुट्टी आली, प्लेटा इन्क्युबेटरमध्येच राहिल्या, आणि बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरातला जिवाणू, हेलिकोबॅक्टर, मिळाला. २००५ साली नोबेल!

दोन्ही शोध सुट्टीतले, हा योगायोग मला साधा वाटत नाही. एरवी आपल्याला वेळच कुठे असतो? 'अठ्ठेचाळीस तासांत वाढ नाही' असा शिक्का मारला की पुढची प्लेट.

आज साधनं बदलली. मॅल्डी-टॉफ यंत्र काही मिनिटांत जंतूचं नाव सांगतं, पण त्याच्या यादीत असलेलंच. यादीबाहेरचा जंतू आला की ते गप्प बसतं किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव ठोकून देतं. १६एस जनुकात ज्ञात प्रजातीशी ९८.७ टक्क्यांहून कमी साम्य निघालं तर कान टवकारावेत. संपूर्ण जीनोमचं सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांखाली असेल तर प्रजाती वेगळी मानायला आधार मिळतो. मात्र जंतू नवा आहे म्हणून आजार त्याच्यामुळेच झाला, असं नव्हे. ही घाई मी बऱ्याच शोधनिबंधांत पाहतो.

आणि रूढ नामकरण-नियमांनुसार नाव द्यायचं तर जंतू जिवंत हवा. प्रमाण वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहालयांत ठेवावा लागतो. पुण्यात त्याची सोय आहे. जपून ठेवण्याचं मोल सांगतो: एका तापकऱ्याच्या रक्तापासून १९४७ साली गिनीपिगमार्फत मिळालेला जंतू कुणीतरी गोठवून ठेवला होता. तो लीजनेला होता, हे १९७९ मध्ये कळलं. बत्तीस वर्षं तो फ्रीजरमध्ये नावाविना पडून होता.

मी नोकरीला नवा असताना एका बाईंच्या रक्तात बारीक, वळलेले दंड उगवले. मी 'कंटॅमिनेशन' लिहून मोकळा झालो. चार दिवसांनी त्यांचाच दुसरा नमुना आला, त्यातही तेच. पहिली प्लेट शोधायला धावलो, तोवर ती ऑटोक्लेव्हमधून निघाली होती. दुसरीही पुढे वाढेनाशी झाली. काय होतं ते, आजही ठाऊक नाही.

म्हणून या परिषदेपुढे माझा ठराव एवढाच: प्रत्येक प्रयोगशाळेत ग्लिसरॉलमधल्या कुप्यांचा एक डबा ठेवावा आणि त्यावर 'नाव न लागलेले' असं लिहावं.